कुंचला भाड्याचा, चित्र कुणाचे?

माझा धंदा अगदी लहान आहे. तळोज्याला फेज एकमध्ये आमचे दोन खोल्यांचे घर आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक टेबल, टेबलावर संगणक आणि संगणकापुढे मी, एवढाच त्याचा पसारा. लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, सोसायटीच्या सत्यनारायणाचा फलक, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची लेबले आणि दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आला की त्याची भित्तिपत्रके, अशी कामे मी करते. जुने फोटो साफ करून देणे हे त्यांतले माझे सर्वांत आवडते काम. पत्रिका लग्न झाले की रद्दीत जाते, फोटो मात्र भिंतीवर राहतो.

या कामाचे हत्यार म्हणजे चित्रे नि फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर. ते महिन्याच्या वर्गणीने घ्यावे की एकदाच पैसे मोजून विकत घ्यावे, हा प्रश्न आता माझ्यासारख्या धंदेवाल्यांपुरता राहिलेला नाही. कुणाची मुलगी उपयोजित कलेचे शिक्षण घेते, कुणाच्या मुलाला नोकरीसाठी ते यावे लागते, कुणाला सहलीचे फोटो नीट करून आजोबांना अल्बम द्यायचा असतो. मग घरात हिशेब सुरू होतो: महिन्याला इतके, म्हणजे वर्षाला किती? हिशेब करावाच. पण त्या हिशेबाच्याही आधी विचारायचा एक प्रश्न आहे. तो मी फार उशिरा शिकले, आणि तोही दुसऱ्याच्या दुःखाच्या दिवशी. म्हणून ही हकिकत सांगते.

उद्या दहावा आहे

२०२४ सालचा श्रावण होता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि पाऊस धो धो कोसळत होता. आमचे 'हे' रात्रपाळीला गेले होते. दारावर थाप पडली म्हणून उघडले, तर पेंधर गावातला एक ओळखीचा तरुण उभा. पायांत चपला नव्हत्या. काय झाले असेल ते मी तेवढ्यावरूनच ओळखले.

"ताई, आई गेली," तो म्हणाला. "उद्या दहावा आहे. तुम्ही आईचा फोटो केला होता ना, तो मोठा करून पाहिजे."

तो फोटो मी दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईच्या साठीला केला होता. त्या माउलीचा एकटीचा असा धड फोटोच नव्हता. शेवटी धाकट्याच्या लग्नातला, मांडवातल्या गर्दीतला एक मिळाला. त्यात तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, कपाळावर मांडवाच्या लाल-हिरव्या दिव्यांचे डाग पडले होते आणि पदर अर्धा दुसऱ्या बाईच्या मागे गेला होता. तीन रात्री बसून मी तो हात काढला, पदर पुरा केला, नथीचा एकेक मोती उजळला. त्या वेळी पोस्टकार्डाएवढी प्रत काढून दिली होती. पण दोन पावसाळ्यांच्या ओलीने ती चौकटीच्या काचेला चिकटली आणि काढताना नेमकी चेहऱ्यावर फाटली.

"बसा," मी म्हणाले. "फाईल आहे माझ्याकडे. अर्ध्या तासात होईल."

मी संगणक लावला. प्रोग्राम उघडायला गेले तर पडद्यावर चौकट आली: वर्गणी संपली आहे.

यात माझा दोष किती ते आधी कबूल करते. ती वर्गणी माझ्या लेकीच्या नावावर होती, विद्यार्थ्यांच्या सवलतीची. तिचे शिक्षण त्या उन्हाळ्यात संपले, महाविद्यालयाने दिलेला ई-मेलचा पत्ता बंद झाला आणि त्याबरोबर आमचे खातेही गेले. सवलत शिकणाऱ्या मुलांसाठी होती, आईच्या धंद्यासाठी नव्हती. चार पैसे वाचले म्हणून मी वर्षभर डोळेझाक केली होती. त्या कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, कारण चूक माझीच होती.

नव्याने पैसे भरून टाकावे म्हटले, तर माझे कार्ड नाकारले गेले. ते मी फक्त एटीएममधून पैसे काढायला वापरीत असे, ऑनलाईन व्यवहार कधी चालूच केला नव्हता. यांच्या कार्डाचे आकडे मला पाठ आहेत, पण त्याचा ओटीपी यांच्या फोनवर येणार. रासायनिक कारखान्यात फोन आत नेता येत नाही, तो फाटकावरच्या कपाटात ठेवून आत जावे लागते. तिकडे त्या कपाटात फोन वाजत असेल आणि इकडे मी पडद्यापुढे बसलेली! लेक पुण्याला मैत्रिणीकडे गेलेली, तिच्या खात्यात जेमतेम परतीच्या भाड्यापुरते पैसे. आणि त्या अनवाणी उभ्या असलेल्या मुलाला, 'तुझे कार्ड दे' असे म्हणायला माझी जीभ रेटेना.

फाईल माझ्याच संगणकात होती. तिचे नाव दिसत होते, तारीख दिसत होती, ती किती मोठी आहे तेही दिसत होते. त्याची आई तेवढी दिसत नव्हती.

शेवटी फोनमध्ये शोधता शोधता व्हॉट्सअ‍ॅपवर कधी तरी पाठवलेली एक लहानशी प्रत सापडली. तीच खारघरच्या छपाईवाल्याकडे धाडली. एवढ्याशा चित्राचे दोन फुटी चित्र केल्यावर व्हायचे तेच झाले. चेहरा धुक्यातून पाहिल्यासारखा आला, नथीचे मोती एकमेकांत मिसळून गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा फोटोला हार घातलेला होता. "चांगला आला ताई," तो म्हणाला आणि पाकीट पुढे केले. मला ते घेववले नाही.

घरातली तीन मते

सकाळी हे पाळीवरून आले. चहा होण्याच्या आतच यांनी निकाल दिला. "मी आधीपासून सांगत होतो, भाड्याची वस्तू ती भाड्याची. एकदाच काय ते पैसे टाकावे आणि मोकळे व्हावे." यांचे हे मत जुनेच आहे. गिरगावातली चाळ सोडून २०११ साली आम्ही तळोज्याला आलो ते याच मतापायी. तेव्हा मेट्रो नव्हती. बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली ती १७ नोव्हेंबर २०२३ ला. तोवर दिवा-पनवेल मार्गावरचे तळोजा पाचनंद स्टेशन, नाही तर रिक्षा. रात्री वारा कारखान्यांकडून आला की खिडक्या लावून घ्याव्या लागत. पण घर आपले होते, भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारायला नको होते.

लेक पुण्याहून आली, तिचे मत अगदी उलटे. "बाबा, आता सगळीकडे वर्गणीच. ऑफिसात जे वापरतात तेच मला आलं पाहिजे, आणि ते विकत मिळतच नाही. शिवाय दर वर्षी नवीन सुधारणा मिळतात. तुम्ही विकत घेतलेलं पाच वर्षांत जुनं होईल."

सासूबाई जपमाळ ओढीत ऐकत होत्या. त्यांनी तेव्हा मत दिले नाही. त्यांचे मत पुढे येईल.

मला दोघांचेही पटेना. म्हणून मी चार दिवस काम बाजूला ठेवून या गोष्टीच्या मुळाशी जायचे ठरवले.

पेटीतून वर्गणीकडे

हे सॉफ्टवेअर पूर्वी पुस्तकासारखे विकत मिळे. थॉमस आणि जॉन नॉल या अमेरिकन भावांनी १९८७ पासून रचत आणलेला फोटोशॉप अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणला. पेटी घ्यायची, आतल्या तबकड्या संगणकात चढवायच्या, की झाले. नवी आवृत्ती आली तर सवलतीत घ्यायची, नसेल परवडत तर जुनीवर भागवायचे. २०१२ साली निघालेल्या फोटोशॉप सीएस६ ची अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर होती. आपल्याकडच्या लहान छापखान्याला ती किंमत कशी झेपावी? मग रस्त्यावर मिळणाऱ्या चोरीच्या सीडी आल्या. ती वाट पूर्वीही वाईट होती आणि आजही वाईटच आहे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-बी प्रमाणे जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीने मिळतील. जगभरच्या चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी तेव्हा मोठा गिल्ला केला. पण वर्गणीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते न सांगणे अन्यायाचे होईल. फोटोवाल्यांसाठी पुढे महिना १० डॉलरची योजना निघाली. त्या हिशेबाने ६९९ डॉलरांत जवळजवळ सहा वर्षे निघतात, आणि तीही दर वेळी ताज्या आवृत्तीसकट. एकदम मोठी रक्कम ज्याच्यापाशी नाही त्याला ही सोय खरीच. लग्नाला दोनशे ताटे लागली तर ती कुणी विकत घेतो का? मंडपवाल्याकडून भाड्यानेच आणतो.

मात्र भाडे वाढवणे मालकाच्या हाती असते. ती १० डॉलरची योजना जानेवारी २०२५ मध्ये नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद झाली आणि पुढची पायरी २० डॉलरांची राहिली. दुसरी गोष्ट 'महिना' या शब्दाची. हप्ता महिन्याचा असला तरी करार पुष्कळदा वर्षाचा असतो, आणि मध्येच सोडला तर दंड बसतो. ही अट गिऱ्हाइकांना ठळकपणे सांगितली नाही, अशा आरोपावरून जून २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने अडोबीवर दावा लावला. कंपनीने आरोप नाकारला. ते काहीही असो, आपण मात्र 'महिना' वाचला की लगेच 'किती महिने बांधलेले?' हे विचारावे.

एकदाच पैसे घेणारेही होते. इंग्लंडमधल्या सेरिफ कंपनीने २०१४ पासून अफिनिटी या नावाने चित्रांचे, फोटोंचे आणि पुस्तकाच्या मांडणीचे प्रोग्राम काढले. एकदा पैसे भरा, वर्गणी नाही, ही त्यांची जाहिरात होती. मार्च २०२४ मध्ये ती कंपनी ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अफिनिटी फुकटच करून टाकले. गिऱ्हाइकाला आनंद झाला, पण फुकटची वस्तू उद्या कोणत्या अटीवर मिळेल हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग लोकांनी लोकांसाठी रचलेल्या मुक्त सॉफ्टवेअरचा. जिंप हा फोटो सुधारण्याचा प्रोग्राम १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केला. त्याची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. रेखाचित्रांसाठी इंकस्केप २००३ पासून आहे. यांना वर्गणीही नाही आणि किंमतही नाही. वळण वेगळे असल्याने शिकायला वेळ लागतो. आमच्या लेकीने पहिल्या दिवशी नाक मुरडले, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने वापरू लागली.

विकत घेतलेल्याची ट्रंक

इतके वाचून झाल्यावर यांचा पक्ष मला बळकट वाटू लागला होता. तेवढ्यात माळ्यावरची ट्रंक काढली.

१९९८ साली मी दादरच्या एका छापखान्यात डीटीपी शिकले. तेव्हा पेजमेकरचे राज्य होते. अल्डस कंपनीने तो १९८५ मध्ये काढला, १९९४ मध्ये अल्डस अडोबीत विलीन झाली आणि २००१ मध्ये त्याची सातवी नि शेवटची आवृत्ती निघाली. पत्रिका, अहवाल, दिवाळी अंक, सगळे त्यात जुळवले जाई. मी केलेल्या कामाच्या सीडी मी जपून ठेवल्या होत्या. त्यांत माझ्या वडिलांनी लिहिलेल्या आठवणीही होत्या. चाळीस पानांची ती पुस्तिका मी स्वतः जुळवली होती.

आज ती फाईल उघडत नाही. पेजमेकर आताच्या संगणकावर चालत नाही आणि त्याची जागा घेणारा इनडिझाइन नव्या आवृत्त्यांत पेजमेकरच्या फाइली घेत नाही. एका ओळखीच्या छापखान्यात जुना संगणक निघाला, त्यावर उघडून पाहिली, तर वडिलांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा खिचडा! कारण असे, की त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरे बिऱ्हाडाला ठेवीत. तो नेमका फॉन्ट असेल तरच मराठी दिसायचे, तो गेला की घरात मूळचे इंग्रज परत! युनिकोडमध्ये देवनागरीला तिची स्वतःची घरे १९९१ सालीच मिळाली होती, पण छापखान्यांत ती पद्धत रुळायला फार वर्षे गेली.

विकत घेतलेल्या हत्याराचे मरण आणखीही तऱ्हांनी येते. काही प्रोग्राम चढवताना कंपनीच्या संगणकाकडून मंजुरी घ्यावी लागते, तो संगणक एक दिवस बंद होतो. अडोबीने सीएस२ चा असा संगणक २०१३ च्या सुमारास बंद केला, तेव्हा जुन्या मालकांसाठी मंजुरी न लागणारी प्रत वेगळी द्यावी लागली. २०१९ मध्ये अ‍ॅपलच्या कॅटालिना आवृत्तीने जुने ३२-बिटी प्रोग्राम चालवणेच थांबवले, तेव्हा कित्येकांचे रोख पैसे देऊन घेतलेले प्रोग्राम एका रात्रीत निकामी झाले.

हे सर्व मी यांना सांगितले. हे कपाटातून घराचे कागद काढून बसले होते, सोसायटीचे काही काम होते. कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "बरोबर आहे तुझं. हे बघ, आपली जमीनसुद्धा भाडेपट्ट्यानेच. सिडकोने नवी मुंबईतले भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेत. मी तेरा वर्षं सगळ्यांना सांगतोय, घर आपलं." आणि स्वतःच हसले. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. विकत घेतले म्हणतो, पण कागदावर मिळतो तो वापरण्याचा परवाना.

तेव्हा सासूबाईंनी माळ खाली ठेवली.

"मला तुमचं ते सॉफ्टवेअर कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण वर्गणी कळते. लग्न होऊन आले तेव्हापासून साप्ताहिकाची वर्गणी भरत होते. मामंजी गेल्यावर परवडेना म्हणून बंद केली. वर्गणी बंद झाली, म्हणून माझे जुने दिवाळी अंक कुणी येऊन घेऊन गेलं नाही. आजही पेटी उघडली की वाचता येतात. तुझ्या त्या वर्गणीत, पैसे थांबले की हातातलंही उघडत नाही, असं का?"

वाचकहो, १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने दिवाळी अंकाची चाल पाडली. तेव्हापासून आपली घरे वर्गणीला सरावलेली आहेत. पण त्या वर्गणीत आणि या वर्गणीत केवढा फरक आहे हे मला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते. आधी विचारायचा प्रश्न तो हाच: ज्या दिवशी पैसे थांबतील, किंवा कंपनी थांबेल, त्या दिवशी माझे केलेले काम मला उघडता येईल का? हत्यार भाड्याचे असो की विकतचे, काम आपले राहिले पाहिजे.

मग करावे काय?

पहिले काम पैशाचे नाही, सवयीचे आहे. कोणत्याही प्रोग्रामात केलेले काम पुरे झाले की त्याची एक प्रत, कोणालाही उघडता येईल अशा रूपात काढून ठेवावी. फोटो पूर्ण आकारात टिफ किंवा पीएनजी म्हणून ठेवावा. जेपेग चालेल, पण पुन्हा पुन्हा साठवला की तो झिजतो. पत्रिका किंवा पुस्तिका फॉन्ट आत घालून पीडीएफ करावी, रेखाचित्रे एसव्हीजी करावी. पीडीएफ ही पद्धत मुळात अडोबीचीच, १९९३ सालची, पण २००८ पासून ती आंतरराष्ट्रीय मानक झाली आहे. तेव्हा ती उघडायला कुणा एकाच्या वर्गणीची गरज नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्त, बलू यांसारखे चांगले फॉन्ट आता विनामूल्य मिळतात. प्रोग्रामची मूळ फाईल तर ठेवावीच, कारण तीत चित्राचे लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे थर, वेगवेगळे राहतात. जिंपसारखे प्रोग्राम दुसऱ्यांच्या फाइली बऱ्याच अंशी उघडतात, पण सर्व थर जसेच्या तसे येतीलच याचा भरवसा नसतो.

त्यानंतर हिशेब. सोयीसाठी गोल आकडे धरू. समजा, विकतचा प्रोग्राम २०,००० रुपयांना मिळतो आणि पाच वर्षे चालतो. वर्गणीचा महिना १,००० रुपयांना आहे. पाच वर्षे सतत वर्गणी भरली तर ६०,००० होतात, म्हणजे तिप्पट. पण पाच वर्षांत मिळून २० महिन्यांहून कमीच काम असेल, तर भाडे स्वस्त. फक्त एक गोम आहे. वर्षाचा करार न करता सुटा महिना घ्यायचा तर दर चढा असतो. तो १,५०० धरला तर ही रेघ १३ महिन्यांवर येते. जाहिरातीतल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, तेही पाहावे.

या हिशेबाप्रमाणे तीन तऱ्हेच्या घरांना तीन उत्तरे येतात. वर्षातून दोनदा सहलीचे नि समारंभाचे फोटो नीट करणाऱ्या घराने वर्गणीच्या वाटेला जाऊच नये, मुक्त प्रोग्राम पुरे आहे. नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने, जे ऑफिसात वापरतात त्याची वर्गणी घ्यावी, विद्यार्थ्यांची सवलत घ्यावी, पण शिक्षण संपण्याआधी महिनाभर आपले सगळे काम बाहेर काढून घ्यावे. आमची लेक आता तसे आपल्या मैत्रिणींना बजावत असते. आणि माझ्यासारखीने रोजचे काम विकतच्या किंवा मुक्त हत्यारावर करावे. एखाद्या गिऱ्हाइकाने अमुकच प्रोग्राममधली फाईल मागितली, तर तेवढ्यापुरता सुटा महिना घ्यावा आणि त्याचे पैसे बिलात धरावेत.

वर्गणी घेतलीच, तर खाते स्वतःच्या नावावर आणि कायम राहणाऱ्या ई-मेलवर असावे. महाविद्यालयाच्या किंवा कचेरीच्या पत्त्यावर नसावे. पैसे आपोआप कापले जात असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी तशी सूचना यावी लागते. ती सूचना न वाचता पुसून टाकू नये, नको असलेली वर्गणी थांबवायची वेळ तीच. कार्डाची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे, गॅसच्या नंबराशेजारी.

शेवटची गोष्ट

त्या वर्षी आश्विनात मी माझ्या स्वतःच्या नावाने, सवलत न मागता, एक सुटा महिना विकत घेतला. तीन आठवडे रोज रात्री बसून जुन्या दोनशेवर फाइली एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीची उघडी प्रत काढून दोन डिस्कांवर ठेवली. एक डिस्क घरी आहे, दुसरी यांच्या बहिणीकडे. वडिलांची पुस्तिका मात्र गेली ती गेलीच. तिची छापील प्रत एका आत्याकडे निघाली, तीवरून मी पुन्हा टाइप करीत आहे. रोज एक पान होते.

पहिली फाईल उघडली ती पेंधरच्या त्या माउलीची. चांगल्या कागदावर दोन फुटी प्रत काढली आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी घेऊन गेले. त्यांच्या घरी त्या वर्षी दिवाळी नव्हती. मुलाने जुना फोटो उतरवला, नवा लावला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, नथ दिसतेय."

घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "या दिवाळीत माझाही एक फोटो काढून ठेव. चांगली साडी नेसते. आणि कुठल्याही वर्गणीशिवाय उघडेल असा ठेव, म्हणजे तुला रात्रीबेरात्री धावायला नको."

पाडव्याला तो काढला. टिफमध्ये आहे, दोन्ही डिस्कांवर आहे, आणि एक प्रत कागदावरही आहे. यंदा घराची साफसफाई करताना तुम्हीही माळ्यावरच्या डब्यांबरोबर संगणकातल्या जुन्या फाइली एकदा उघडून पाहा. ज्या उघडतील त्यांची प्रत काढा. ज्या उघडणार नाहीत, त्या कशात केल्या होत्या ते आठवणारे माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून घ्या.